खोली वाढवायची आहे आणि मार्जिन आडवं येतंय? सांगलीत सामासिक अंतरात सवलत कशी मागायची

घराला वीस-पंचवीस वर्षं झाली की एखादी खोली कमी पडायला लागते. मुलाचं लग्न ठरतं, आईला जिना चढवत नाही, घरून काम करणाऱ्या सुनेला दार लावून बसायला जागा हवी असते. मागे किंवा बाजूला चार-पाच फुटांची मोकळी पट्टी दिसत असते आणि मिस्त्री म्हणतो, "एवढं घेऊन टाकू की, कोण बघतंय?" ती पट्टी म्हणजे सामासिक अंतर, आपल्या बोलण्यातलं मार्जिन. ती परस्पर घेता येत नाही. पण प्लॉटचीच अडचण असेल तर त्यातला थोडा भाग रीतसर मागता येतो, आणि नीट मागितला तर मिळूही शकतो. मी सांगलीत नकाशे मंजुरीची कामं करतो. ज्यांनी महापालिकेच्या नगररचना विभागाची पायरी कधी चढलेली नाही, अशा घरमालकांसाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

कोणतं मार्जिन, हा पहिला प्रश्न

मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली, तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे: एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. कार्यालयात सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेलाही तीच लागू आहे. तिच्यात प्राधिकाऱ्याला, म्हणजे महापालिकेत आयुक्तांना, विशेष प्रकरणी मोजमापं शिथिल करण्याचा अधिकार दिलेला आहे. अडचण स्पष्ट दाखवता येण्यासारखी हवी, कारणं लेखी नोंदवलेली हवीत, आणि त्या सवलतीमुळे घरातल्यांच्या किंवा शेजारपाजाऱ्यांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या सुरक्षिततेला, इमारतीच्या मजबुतीला आणि सार्वजनिक सुरक्षिततेला बाधा येता कामा नये.

याच तरतुदीत पुढे एक वाक्य आहे, ते आधी वाचा: रस्त्याच्या हद्दीपासून सोडायच्या अंतरात आणि एफएसआयमध्ये (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं त्या प्रमाणात), नियमावलीतच वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, कोणत्याही परिस्थितीत सवलत देता येत नाही. म्हणजे समोर रस्त्याकडे खोली काढायची असेल तर हा रस्ता बंद आहे. त्यासाठी अर्ज लिहिण्यात, नकाशे काढण्यात पैसे घालू नका. कोपऱ्याच्या प्लॉटवाल्यांनी तर जास्तच जपावं. दोन बाजूंना रस्ते असतील तर दोन्ही बाजू रस्त्याकडच्याच धरल्या जातात, आणि घरात आपण जिला "बाजूचं मार्जिन" म्हणतो ती नियमाच्या भाषेत समोरची बाजू निघते.

उरतात बाजूचं आणि मागचं मार्जिन. यापुढचं सगळं त्यांच्याबद्दल आहे.

एफएसआयचं गणित याच वेळी करून घ्या. दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय १.१० आहे, आणि विकास योजनेत दाट वस्ती म्हणून दाखवलेल्या गावभागासारख्या जुन्या भागात १.५०. त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचा जादा, एफएसआय मिळतो. बहुतेक जुन्या मंजूर नकाशांत जिना, बाल्कनी या गोष्टी एफएसआयबाहेर धरलेल्या असतात. आताच्या नियमात त्या मोजल्या जातात. त्यामुळे "आमचा एफएसआय शिल्लक आहे" हे जुन्या नकाशावरच्या तक्त्यावरून ठरवू नका, नव्यानं मोजून घ्या. एफएसआयच उरला नसेल तर मार्जिनची सवलत मिळूनही तिचा उपयोग नाही.

घर महापालिकेच्या हद्दीत आहे ना, हेही बघा. माधवनगर, बुधगाव इथली घरं सांगलीला चिकटलेली असली तरी ग्रामपंचायतीत आहेत, आणि तिथला रस्ता जिल्हाधिकारी कार्यालय व नगर रचना विभागाकडून जातो.

कपाटातले कागद बाहेर काढा

मूळ बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर ले-आउट, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, खरेदीखत, चालू घरपट्टीची पावती. यातला मंजूर नकाशा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच सापडत नाही. २०१९ च्या पुरात कित्येक घरांतली कागदपत्रं भिजून गेली, त्यांची अडचण खरी आहे. अशा वेळी महापालिकेत नक्कल मागण्याचा अर्ज करा. परवाना क्रमांक आणि साल माहीत असेल तर शोध सोपा होतो. हे आकडे बहुतेक वेळा बँकेच्या जुन्या कर्जाच्या फायलीत मिळतात. नकलेच्या अर्जानं काम झालं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

नकाशा हातात आला की तो घेऊन घराभोवती फिरा. मागची शेड नकाशात आहे का? गच्चीवरची खोली? बंद केलेली बाल्कनी? नकाशात नसलेलं बांधकाम जागेवर असेल तर त्याचा विषय आधी मिटवावा लागतो: काढून टाका, नाहीतर नियमात बसत असेल तर त्याच प्रस्तावात दाखवून मंजूर करून घ्या. लपवलेलं बांधकाम स्थळपाहणीत दिसतंच, आणि मग मुख्य मागणीकडे बघण्याची नजरही बदलते.

गुंठेवारीतल्या, म्हणजे जमिनीचे परस्पर गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून झालेल्या वसाहतींतल्या, घरांसाठी एक वेगळी पायरी आहे. सांगली, मिरज, कुपवाड तिन्हीकडे अशा वसाहती भरपूर आहेत. प्लॉट आणि त्यावरचं घर गुंठेवारी अधिनियम २००१ खाली नियमित झालेलं असेल तर ते प्रमाणपत्र आणि त्यासोबतचा नकाशा हाच तुमचा मूळ आधार. झालेलं नसेल तर आधी ते करून घ्या. कोणत्या तारखेपर्यंतची बांधकामं नियमित होतात, ती १ जानेवारी २००१ ही मूळ मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणलेली आहे. नियमित न झालेल्या घराला वाढीव खोली मागणारा अर्ज छाननीतच अडकतो.

मोजणी

भिंतीपासून कंपाउंडपर्यंत टेप लावली आणि पाच फूट भरले, म्हणजे मार्जिन पाच फूट, असं होत नाही. कंपाउंडची भिंत हद्दीवरच आहे हे कुणी सांगितलं? जुन्या सोसायट्यांमध्ये ती बऱ्याचदा बांधणाऱ्याच्या सोयीनं सरकलेली असते, कधी आपल्या आत, कधी शेजाऱ्याच्या. एका फुटाची सवलत मागायची आणि हद्दीतच अर्ध्या फुटाचा घोळ असायचा, तर प्रकरण उभंच राहत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा आणि मोजणी नकाशाची क प्रत हातात घ्या. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना आधी सांगून बोलवा. हद्दीच्या खुणा त्यांच्यासमोर पडल्या की पुढची निम्मी भांडणं टळतात.

त्यानंतर तुमच्या अभियंत्याकडून क प्रतीवरच्या हद्दीपासून घराच्या बाहेरच्या कडेपर्यंत, गिलाव्यासकट, प्रत्येक कोपऱ्यावर मोजमाप घ्या. दोन टोकांना दोन आकडे आले तर दोन्ही लिहा, सरासरी काढू नका. तिरक्या प्लॉटची सगळी बाजू या दोन आकड्यांवरच मांडायची असते.

सवलतीशिवाय जमतंय का?

हा प्रश्न मनापासून विचारा, कारण तपासणारा अधिकारीही पहिल्यांदा हाच विचारणार आहे. वर मजला चढवून काम होतं का? जुन्या लोडबेअरिंग भिंतींवर मजला चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावंच लागेल, पण आरसीसी घरात बऱ्याचदा जमून जातं. आतली एखादी भिंत हलवून, स्वयंपाकघराला लागून असलेली बंद पडलेली कोठीची खोली मोकळी करून जागा निघते का? खोली थोडी अरुंद केली तर मार्जिन पूर्ण राहतं का? नुसती ऊन-पावसापासून आडोशाची गरज असेल तर ७५ सेंटिमीटरपर्यंतचा छज्जा मार्जिनमध्ये तसाही चालतो.

यातलं काही जमत असेल तर तेच करा, वेळ आणि पैसा दोन्ही वाचतील. लहान प्लॉटसाठी नियमावलीत सोपी, कमी कागदांची पद्धत दिलेली आहे, पण ती सगळे नियम पाळणाऱ्या नकाशालाच लागू पडते. एकदा सवलत मागितली की प्रकरण त्या वाटेवरून बाहेर पडतं.

जमत नसेल तर का जमत नाही ते प्रत्येक पर्यायासमोर एकेका ओळीत लिहून ठेवा. अर्जात त्या ओळी लागणार आहेत.

अडचण कुणाची: प्लॉटची की घरच्यांची?

बहुतेक अर्ज इथंच फसतात. लोक लिहितात: कुटुंब मोठं झालं आहे, आई आजारी असते, खोलीची नितांत गरज आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. हे सगळं खरं असतं. पण कुटुंब प्रत्येकाचंच वाढतं. तेवढ्यावर सवलत दिली तर गल्लीतल्या प्रत्येक घराला द्यावी लागेल, मग मार्जिनचा नियम ठेवायचा कशाला? म्हणून जमिनीत असलेली अडचण दाखवावी लागते: निमुळता किंवा तिरका प्लॉट, मध्येच आलेली जुनी विहीर किंवा गटाराची लाइन, नियम बदलण्याआधी मंजूर झालेलं आणि आज हलवता न येणारं बांधकाम. ही अडचण तुम्ही स्वतः निर्माण केलेली नसावी. प्लॉटचा एक तुकडा तुम्हीच विकलात आणि आता जागा अपुरी पडते म्हणालात, तर कोण ऐकणार?

एक उदाहरण घेऊ. समजा प्लॉट रस्त्याकडे ९.९ मीटर रुंद आहे, मागे ७.२ मीटर, आणि समोरून मागेपर्यंत १८ मीटर लांब. डावी हद्द सरळ, उजवी हद्द मागे जाताना आत येत जाते, दर मीटरला १५ सेंटिमीटर. मंजूर नकाशाप्रमाणे समोर ३ मीटर, मागे ३ मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचं आहे. घर ५.१ मीटर रुंद, रस्त्यापासून ३ मीटरवर सुरू होतं आणि १२ मीटरवर संपतं. त्याच्या मागे डाव्या अंगाला २.४ मीटर रुंदीचा जिना आणि संडास-बाथरूमचा भाग आहे. उजव्या अंगाला २.७ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब जागा उरते, तिथं तळमजल्यावर आईसाठी खोली हवी आहे.

घर जिथं संपतं तिथं उजवीकडे बरोबर दीड मीटर आहे. पण खोलीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत हद्द ४५ सेंटिमीटरनं आत आलेली असते, म्हणजे तिथं १.०५ मीटरच उरतं. नियम पाळायचा तर खोलीची उजवी भिंत तिरकी घ्यावी लागेल, आणि भिंतींची जाडी वजा जाता मागच्या टोकाला आतली रुंदी जेमतेम दोन मीटर राहील. त्यात पलंग, वॉकर आणि बाथरूमच्या दाराकडे वळायची जागा बसत नाही. सवलत कितीची? एका कोपऱ्यावर ४५ सेंटिमीटर, दुसऱ्या कोपऱ्यावर शून्य. क्षेत्रात मोजलं तर एक चौरस मीटरसुद्धा नाही. प्लॉटचं क्षेत्र १५३.९ चौरस मीटर, त्यामुळे मूळ एफएसआयनं १६९ चौरस मीटर बांधता येतं. दोन्ही मजल्यांचं आताचं बांधकाम १०६.२, नवी खोली ८.१, एकूण ११४.३. एफएसआयला कुठंही धक्का नाही. मागचं ३ मीटरचं मार्जिनही पूर्ण राहतं.

आता हेच अर्जात कसं लिहायचं ते बघा:

"आमचा भूखंड मागील बाजूस निमुळता असून त्याची रुंदी रस्त्याकडे ९.९० मी. व मागे ७.२० मी. आहे. हा आकार मूळ मंजूर रेखांकनातील असून आम्ही केलेल्या विभाजनामुळे झालेला नाही (रेखांकनाची प्रत व मोजणी नकाशा सोबत). तळमजल्यावर प्रस्तावित खोलीच्या केवळ मागील उजव्या कोपऱ्यावर बाजूचे सामासिक अंतर १.५० मी. ऐवजी १.०५ मी. राहते, पुढील कोपऱ्यावर ते पूर्ण १.५० मी. आहे. पुढील व मागील सामासिक अंतर, एफएसआय यांत कोणतीही सवलत मागितलेली नाही. डाव्या बाजूस विद्यमान जिना व प्रसाधनगृह असल्याने खोली त्या बाजूस सरकवता येत नाही. पहिल्या मजल्यावरील पर्याय ज्येष्ठ सदस्यास जिना चढता येत नसल्याने उपयुक्त नाही (वैद्यकीय दाखला सोबत). उजव्या भिंतीस खिडकी अथवा छज्जा प्रस्तावित नाही. उजेड व वारा मागील ३.०० मी. मोकळ्या जागेतून घेतला आहे. छपराचे पाणी आमच्याच हद्दीत उतरवले आहे."

आईची तब्येत यात आहे, पण ती एका पर्यायाचं उत्तर म्हणून आली आहे. मागणीचा पाया प्लॉटचा आकार आहे. उजव्या भिंतीला छज्जा नाही, हेही मुद्दाम लिहिलं आहे: १.०५ मीटरच्या बोळात ७५ सेंटिमीटरचा छज्जा काढला तर वर आभाळाची वीतभर चिरी उरेल.

मागणी करताना जास्त मागावं, म्हणजे घासाघीस होऊन हवं तेवढं मिळेल, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. लागतं तेवढंच मागितलेला नकाशा बघताक्षणी कळतो, आणि त्याची बाजू मांडायला अधिकाऱ्यालाही सोपं जातं.

शेजारी

मार्जिन तुमच्या जागेत असलं तरी त्याचा उजेड-वारा दोघांचा असतो. त्या बाजूला शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे का, हे नकाशा काढण्याआधी बघा. वीस वर्षं विनातक्रार वापरलेल्या उजेड-वाऱ्यावर सुविधाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे हक्क सांगता येतो. महापालिकेची मंजुरी मिळाली म्हणून त्यांचा हा हक्क संपत नाही, त्यांना दिवाणी न्यायालय मोकळंच असतं.

म्हणून आधी जाऊन बोला. नकाशाची प्रत दाखवा, भिंत कुठं येणार ते दोरी लावून दाखवा, त्या भिंतीला खिडकी नाही हे सांगा. मग नकाशाच्याच प्रतीवर त्यांची लेखी संमती घ्या, म्हणजे संमती कशाला होती याबद्दल पुढे वाद राहत नाही. घर दोन भावांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या घ्या. संमती आहे म्हणून सवलत मिळेलच असं नाही, पण लेखी हरकत आली तर प्रकरण नक्की लांबतं.

पायाचाही विचार याच वेळी करा. आपल्याकडच्या काळ्या मातीत फूटिंग चांगलं रुंद घ्यावं लागतं. भिंत हद्दीपासून मीटरभर आत असली तरी फूटिंगची कड शेजाऱ्याच्या बाजूला जाणार नाही, आणि खोदताना त्यांच्या जुन्या कंपाउंडचा किंवा तुमच्याच घराचा पाया उघडा पडणार नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशावर काढून घ्या. जुनं आणि नवं बांधकाम एकमेकांना घट्ट बांधायचं की मध्ये सांधा ठेवायचा, हेही त्यांनाच ठरवू द्या. पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. सांध्यातल्या भेगा त्यातूनच येतात.

नदी कुठंवर येते?

सांगलीत राहून हे विसरता येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घर पूररेषेच्या आसपास असेल तर मार्जिनच्या आधी हा प्रश्न सोडवावा लागतो.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम निषिद्ध आहे. आधीपासूनच्या अधिकृत घराच्या पुनर्विकासाला तिथं पाटबंधारे विभागाच्या ना-हरकत दाखल्यावर आणि लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर परवानगी देण्याची तरतूद आहे, पण वाढीव खोलीला ती लागू होते असं गृहीत धरून चालू नका, आधी लेखी विचारा. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम चालतं, मात्र लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंचावर. याचा अर्थ नवी खोली घराच्या आताच्या जोत्यापेक्षा बरीच उंच येऊ शकते, आणि ज्या आईसाठी ती बांधायची तिला तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतील. म्हणून झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा मागताना पूररेषा त्यावर दाखवायला सांगा.

मार्जिन कमी करताना पाण्याची वाट अडत नाही ना, हेही बघा. शामरावनगरसारख्या सखल भागात दोन घरांमधल्या बोळातून पावसाचं पाणी वाहून जातं. तिथं कोपरा पुढे आणला तर पाणी पहिल्यांदा तुमच्याच मागच्या अंगणात तुंबेल.

फाइल दाखल करणं

हे काम परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडूनच होतं. अर्ज ऑनलाइन प्रणालीत त्यांच्या लॉगिनमधून जातो आणि नकाशाची प्राथमिक छाननी संगणक करतो. संगणकाला तुमची अडचण कळत नाही, तो मार्जिन कमी आहे एवढंच लाल अक्षरात सांगतो. म्हणून सवलतीचा वेगळा अर्ज, कारणांचं पत्र आणि फोटो सोबत जोडलेले असायला हवेत, आणि नकाशावरच्या तक्त्यात "आवश्यक", "प्रस्तावित" आणि "मागितलेली सवलत" असे तीन रकाने स्पष्ट हवेत. प्रस्तावित काम लाल रंगात आणि पाडायचं काम पिवळ्या रंगात दाखवतात; सही करण्याआधी नकाशात हे स्वतः बघून घ्या. कोऱ्या अर्जावर किंवा न वाचलेल्या हमीपत्रावर सही करू नका. त्या हमीपत्राची जबाबदारी मालकाची असते.

छाननी शुल्क भरल्यावर स्थळपाहणी होते. त्या दिवशी हद्दीच्या खुणा मोकळ्या ठेवा, प्रस्तावित भिंतीची चुन्याची रेघ मारून ठेवा, आणि घरात मोजणी नकाशा बाहेर काढून ठेवा. त्रुटीपत्र आलं तर घाबरायचं कारण नाही, ते बहुतेक प्रस्तावांना येतं. मुद्द्यावार लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. "साठ दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली असं धरतात" हे अर्धवट ऐकून लोक काम सुरू करतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांची तरतूद आहे हे खरं. पण प्रस्ताव नियमावलीशी तंतोतंत जुळणारा असेल तरच ती लागू होते. तुमचा प्रस्ताव तर नियमातून सवलत मागणारा आहे. तुम्हाला मानीव परवानगी मिळूच शकत नाही. लेखी आदेश हातात येईपर्यंत एक घमेलंही टाकू नका.

मंजुरी मिळाल्यावर

आधी चलन येतं. त्यात विकास शुल्क असतं, सवलतीबद्दलचं अधिमूल्य असतं (कार्यालयात याला हार्डशिप प्रीमियम म्हणतात), आणि बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार उपकराचीही आकारणी होऊ शकते. आकडा घराघरागणिक बदलतो, म्हणून खोलीचा खर्च धरताना वास्तुविशारदाकडून या रकमेचा अंदाज आधीच लेखी घ्या. अनामत ठेव आणि अटीही घातल्या जाऊ शकतात, त्या आदेशात शेवटच्या पानावर असतात. तेच पान आधी वाचा आणि त्याची एक प्रत मिस्त्रीला द्या.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, एक वर्ष चालतं. काम रेंगाळलं तर दरवर्षी मुदतवाढ घेता येते, पण ती एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. पाया झाला की जोते तपासणी करून घ्या. १.०५ मीटर मंजूर असताना जागेवर ०.९० भरलं, तर ते याच वेळी दुरुस्त करता येतं. स्लॅब पडल्यावर त्या १५ सेंटिमीटरसाठी भिंत पाडावी लागते. जोते तपासणीआधी स्वतः टेप लावा, आणि गिलाव्याची जाडी धरूनच लावा. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र आणि त्यानंतर घरपट्टीची नवी आकारणी.

मिस्त्रीच्या "घेऊन टाकू"बद्दलही सांगतो. परवानगीशिवाय बांधलेलं काढून टाकण्याची नोटीस त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ५३ खाली येते, घरपट्टीवर शास्ती लागू शकते, आणि पुढे घर विकताना किंवा कर्ज काढताना बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊनच उभा राहतो. "नंतर दंड भरून नियमित करू" असं म्हणणारे त्यातल्याच कलम ५२अ चा दाखला देतात. ती सोय ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती.

नकार आला तर

नकाराचं पत्र कारणांसकट मागा. बऱ्याचदा कारण दुरुस्त करता येण्यासारखं असतं: मोजणी जुनी आहे, पर्यायांचा विचार दिसत नाही, शेजाऱ्याची हरकत आहे, किंवा मागणीच मोठी आहे. अशा वेळी नकाशा बदलून पुन्हा दाखल करणं अपिलापेक्षा लवकर मार्गी लागतं. वरच्या उदाहरणात ४५ ऐवजी ३० सेंटिमीटरवर भागत असेल, मागचा कोपरा छाटून खिडकी तिरकी घेता येत असेल, तर तेही करून बघावं.

कारण पटण्यासारखं नसेल, किंवा मंजुरी देऊन घातलेली एखादी अट अन्याय्य वाटत असेल, तर याच अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे राज्य शासनाकडे अपील करता येतं. मुदत निर्णय कळवल्याच्या तारखेपासून ४० दिवसांची आहे. पत्र कोणत्या तारखेला मिळालं ते पाकिटासकट जपून ठेवा, आणि अपिलात नवी कारणं शोधत बसू नका. पहिल्या अर्जात जे मुद्दे, जी मोजमापं आणि जे फोटो दिले होते, तेच क्रमानं मांडून त्यातला कोणता मुद्दा निर्णयात विचारात घेतला गेला नाही, ते दाखवा.